स्थळाची मासिक तपासणी

"तुमचं स्थळ मेलंय."

प्रांजल हे बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं, की शिरूरच्या एसटी स्टँडसमोर, भर अकरा वाजता, आपण एका अनोळखी माणसाला हे ऐकवलंय.

टेंपोच्या मागची ताडपत्री बांधणारा तो माणूस वळला. हाताला ओला कोकोपीट, म्हणजे रोपं लावायचा नारळाचा भुसा, शर्टाच्या खिशात दोन पेनं, चेहरा अगदी गंभीर.

"मेलं? आवो, अजून आलंच न्हाई एकबी. मरंल कसं?"

"म्हणजे वेबसाइट हो!" तिने टेंपोच्या फळीवर रंगवलेल्या अक्षरांकडे बोट दाखवलं. सरूबाई ऊस रोपवाटिका, राहू, ता. दौंड. खाली फोन नंबर, त्याखाली वेबसाइटचा पत्ता. "सहज उघडून बघितली. उघडतच नाही."

"हां, ती व्हय…" तो हसला. हसला तेव्हा गंभीरपणा कुठल्या कुठे गेला, आणि प्रांजलला उगाचच टेंपोचा नंबर वाचावासा वाटला. "ती पुण्याच्या एका पोरानं करून दिली व्हती. पुन्हा कुणी बघितलंच न्हाई तिच्याकडं."

"नुसती करून भागत नाही. सारखं बघावं लागतं."

"मग बघा की तुम्ही," तो म्हणाला.

तो सत्यजीत. आणि ते काम असं सुरू झालं, जुलैत, आडसाली उसाच्या लागणीच्या धांदलीत.

प्रांजल मूळची निमोण्याची. शिरूरमध्ये झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत ती आणि तिची मैत्रीण अल्फिया, दोन टेबलं टाकून बसायच्या. अल्फिया लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची डिझाइनं करायची. प्रांजल लोकांच्या वेबसाइटी सांभाळायची. कुणी काही शोधलं की आपल्या माणसाचं नाव वर यावं आणि वर आलेलं तिथंच राहावं, एवढंच तिचं काम. ते ती कुठल्या कॉलेजात शिकली नव्हती. इंग्रजी व्हिडिओ बघायचे, थांबवायचे, आणि वहीत आपल्या भाषेत लिहून काढायचं. वेबसाइटला सरकारी पाट्यांवर संकेतस्थळ म्हणतात. वहीत लिहिताना हात दुखायचा, म्हणून तिने संकेत काढून टाकला. उरलं स्थळ.

त्या वाचवलेल्या तीन अक्षरांनी पुढे काय काय केलं, ते आता बघा.

साइट पुन्हा चालू करून महिना झाल्यावर पहिला अहवाल तिने टेंपोवरच्या नंबरावर, व्हॉट्सअ‍ॅपने पाठवला. त्या नंबराच्या प्रोफाइल फोटोत हिरवीगार रोपं होती, म्हणजे नंबर सत्यजीतचाच, असं ती धरून चालली. खरं तर तो नंबर घरचा. फोन असायचा त्याच्या आईकडे, सरूबाईंकडे. आणि सरूबाईंनी मागच्याच वर्षी दौंडच्या एका वधूवर सूचक केंद्रात मुलाचं नाव नोंदवलं होतं. केंद्राकडून आजवर काहीच आलं नव्हतं, आणि आता हे आलं…

"नमस्कार. आपल्या स्थळाची मासिक तपासणी. या महिन्यात २१२ जणांनी स्थळ पाहिलं. बहुतेक जण तीन-चार सेकंदांत परत गेले. कारणं : स्थळ उघडायला फार वेळ घेतं. फोटो जड आहेत. काळजी नसावी, हळूहळू सुधारणा होईल."

सरूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दोनशे बारा पोरींनी बघावं आणि एकीनंही चार सेकंदांच्या वर थांबू नये? समोर सत्यजीत जेवत होता. उघडायला वेळ घेतं, हे तर खरंच. परक्या माणसापुढं पोरगं दोन वाक्यं धड बोलायचं नाही. आणि फोटो भाचीच्या लग्नातला होता, पंगत उठल्यावर काढलेला.

"आये, भाकरीवर तूप न्हाई वाढलं?"

"फोटो जड येतोय," सरूबाई म्हणाल्या आणि तुपाची वाटी आत घेऊन गेल्या.

रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी फोनला तोंड लावून उत्तर सांगितलं. फोन लिहीत गेला, "ताई स्थळ साधं हाय पण मनाचं लई चांगलं हाय. लाजाळू हाय म्हणून उघडाया येळ लागतो. एकदा उघडलं की माणूस परत जाणार न्हाई."

प्रांजलने हे तीनदा वाचलं. मग अल्फियाला वाचायला दिलं.

"वेबसाइट लाजाळू आहे?" अल्फिया म्हणाली. "बाई गं. हा माणूस वेबसाइटच्या आडून स्वतःबद्दल बोलतोय."

"काहीतरीच तुझं."

पण त्या दिवशी तिने रोपवाटिकेचे फोटो एकेक करून हलके केले, तेव्हा हात जरा जास्तच जपून चालत होता.

सत्यजीत दर पंधरा-वीस दिवसांनी शिरूरला उगवायचा. निमोण्याकडं रोपं टाकायला आलो होतो, म्हणायचा. खाली हॉर्न वाजायचा, मग तो जिना चढून दारात उभा. पायरीवर पाय घासायचा, तरी कोकोपीटचा ओला, मातकट वास आत यायचाच.

"एक गंमत सांगू?" ती एकदा म्हणाली. "लोक ऊस इंग्रजी अक्षरांत कसा लिहितात माहितीये? यू आणि एस. यू एस रोप. फोनला वाटतं, अमेरिकेला दोरखंड पाहिजेत."

"आयला! मंजी आमचं गिऱ्हाईक अमेरिकेला जातंय?"

"रोज. म्हणून आता तुमच्या पानावर ऊस पाच तऱ्हांनी लिहिलाय. कुणी कसाही चुकला तरी राहूलाच पोचेल."

तो तिच्याकडे बघत राहिला… जरा जास्त वेळ. "चुकलेल्या माणसाला बी तुम्ही बरोबर पोचवता म्हणा की."

प्रांजलने चहाच्या कपात बघितलं. कपात काही नव्हतं.

"पण माझ्या फोनवर तर आपण पयल्या नंबरला दिसतो," तो म्हणाला.

"कारण तुम्ही रोज तीच उघडता. आपण रोज जे बघतो, ते फोन आधी दाखवतो."

"असं व्हय… मग तुमच्या फोनवर मी कितव्या नंबरला हाय?"

"साइट म्हणायचंय ना तुम्हाला?"

"तेच की. साइटच."

अल्फियाला त्याच क्षणी खोकला आला.

"आणि माझे अहवाल वाचता ना?" प्रांजलने घाईघाईने विचारलं.

"दर म्हैन्याला. दोनदा वाचतो," सत्यजीत म्हणाला. हे साफ खोटं होतं. अहवाल येतात कुठं, हेही त्याला माहीत नव्हतं. मेलवर येत असतील, बघू कवातरी, असा त्याचा हिशेब.

आता गोंधळ प्रांजलचा होता. समोर असला की हा माणूस टिंगल करायचा, डोळ्यांत हसायचा. फोनवर मात्र कुणी वेगळाच. सप्टेंबरात तिने लिहिलं, "स्थळाबद्दल बाहेर कुणी चार चांगले शब्द बोलत नाही, त्याने फरक पडतो." उत्तर आलं, "स्थळानं आजवर कुणाचं वाईट केलं न्हाई. तंबाखूला शिवत न्हाई. आईला दवाखान्यात स्वता नेतं." नोव्हेंबरात तिने लिहिलं, "स्थळ जुनं आहे, ही जमेची बाजू." उत्तर आलं, "एकतीस म्हंजी काय लई न्हाई ताई."

ताई कशाला म्हणतो हा? लाजून? की अंतर ठेवून? आईबद्दल सांगतो म्हणजे हळवा आहे. मग समोर आल्यावर नुसती चेष्टा का? तिला वाटायचं, आपण दोन माणसांच्या प्रेमात पडतोय, आणि दोघांचा टेंपो एकच आहे. तिने शोधून बघितलं असतं, पण असल्या गोष्टी कुठल्या शब्दांनी शोधायच्या, ते तिला कळेना.

"हे काम संपणार कवा?" एका दुपारी त्याने विचारलं.

"संपत नाही. वर आलं की सोडून दिलं, असं चालत नाही. दुसरे येतात, लोकांचे शब्द बदलतात, हंगाम बदलतो. रोज थोडं थोडं बघत राहायचं."

"बरं हाय," तो म्हणाला. एवढंच. पण जिना उतरताना शीळ घालत गेला.

जानेवारीत 'सुरू' उसाची, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या हंगामाची, लागण आली आणि दोन नव्या रोपवाटिका इंटरनेटवर उगवल्या. प्रांजलने प्रामाणिकपणे लिहिलं, "स्पर्धा वाढली आहे. नवीन स्थळं चकचकीत आहेत. आपलं स्थळ दुसऱ्या पानावर गेलं. वर आणायला अजून काही महिने लागतील."

सरूबाईंचा धीर सुटला. त्यांनी कोरेगाव भीमाच्या भावाला फोन लावला. त्याच्या ओळखीत एक मुलगी होतीच. आणि फेब्रुवारीतल्या एका बुधवारी प्रांजलच्या फोनवर आलं,

"ताई आता तपासणी बंद करा. स्थळ ठरत आलंय. कोरेगाव भीमाची हाय, भावाच्या वळखीतली. रविवारी बघाया जाणार. तुमी लई केलं."

प्रांजलने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"काम दुसऱ्या कुणाला दिलं त्याने," ती म्हणाली. "कोरेगाव भीमाची कुणीतरी आहे."

"जाऊ दे गं. एक गिऱ्हाईक गेलं."

"गिऱ्हाईक नाहीये तो!"

खाली झेरॉक्सचं मशीन पानं ओकत होतं. अल्फियाने लग्नपत्रिकेवरची नजर न काढता हळूच विचारलं, "मग कोण आहे?"

प्रांजलला एवढंच कळलं, की उद्यापासून खाली हॉर्न वाजणार नाही, आणि ते तिला चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. पासवर्डांची वही हातात द्यायची आणि परत यायचं, असं तिने स्वतःला बजावलं. चौफुल्यापर्यंत एसटी, तिथून जीप. राहूच्या शिवारात ऊसतोड चालू होती, गुऱ्हाळांचा गोड धूर रस्त्यावर आडवा पसरला होता. हिरव्या शेडनेटखाली एक बाई ट्रेमधल्या रोपांवर झारीने पाणी घालत होत्या.

"सत्यजीत आहेत का? मी प्रांजल. शिरूरहून आले… स्थळाचं बघते ती."

झारी खाली आली. "आगं बाई! केंद्रवाली ताई व्हय? मला वाटलं, कुणी म्हातारी आसंल! ये, बस. राग आला काय गं पोरी? काय करू, दुसऱ्या पानावर गेलं म्हनलीस, मग मी भावालाच फोन लावला."

"काकू, ते परत वर येतं. पण तुम्ही दुसरीला दिलंत…"

"दिलं कुठं? नुसतं बघायचं हाय. पोरगी डीएड झालीय."

"डीएड?" प्रांजल गोंधळली. "वेबसाइटला डीएड कशाला लागतं?"

"कंची वेबसाइट?"

प्रांजलने फोन काढला, पहिला अहवाल उघडला आणि तो पहिल्यांदाच दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचला. दोनशे बारा जणांनी पाहिलं… तीन-चार सेकंदांत परत गेले… फोटो जड…

"आई गं!" तिने ओढणी तोंडावर धरली.

"म्हंजी तू लग्नाचं बघत न्हाईस?"

"मी रोपांच्या वेबसाइटचं बघते हो काकू! ही सगळी उत्तरं… मनाचं चांगलं हाय, तंबाखूला शिवत न्हाई… हे सगळं तुम्ही लिहीत होता?"

"मग कोण लिहिणार? आन् मी सा म्हैनं पोराचं तूप बंद केलंय गं!"

हसावं की रडावं, हे दोघींनाही ठरवता येईना. म्हणून त्या आधी हसल्या. हसता हसता प्रांजलचे डोळे भरून आले. ती ज्या दोघांच्या प्रेमात पडत होती, त्यातला एक माणूस तर नाहीसाच झाला होता.

तेवढ्यात टेंपो आला. सत्यजीत उतरला आणि शेडनेटच्या दारात थबकला.

"तुम्ही? हितं?"

"एकही अहवाल वाचला नाहीत ना तुम्ही?" प्रांजलने विचारलं. "दोनदा वाचतो म्हणालात. आठ महिने मी कुणाशी बोलत होते?"

त्याने आईकडे बघितलं, वहीकडे बघितलं. मग सरळ तिच्याकडे.

"न्हाई वाचला. खोटं बोललो, चुकलं माझं. पण वाचला असता तर शिरूरला येऊन काय इचारलं असतं? मला तुमच्या तोंडून ऐकायचा व्हता." तो थांबला. "निमोण्याला आठ म्हैन्यांत चारदाच रोपं गेली. मी सोळादा आलोय."

सरूबाईंच्या हातातली झारी वाकडी झाली आणि पाणी त्यांच्याच पायावर पडत राहिलं.

"मग ताई म्हणून… नाही, ते काकू होत्या," प्रांजल स्वतःशीच पुटपुटली. "आणि आईला दवाखान्यात नेतं, हेही तुम्ही नाही सांगितलं…"

"न्हाई. पण नेतो."

"आणि लाजाळू?"

"आता बघताच हाय की," तो म्हणाला. खरंच, तो कानापर्यंत लाल झाला होता.

"मला काही कळत नाहीये," प्रांजल म्हणाली.

"मला बी कळंना झालंय," सरूबाई म्हणाल्या. "सत्या, तुला कोरेगावची बघायची हाय का न्हाई, एवढं सांग. मामाला सांजच्याला कळवायचंय. त्या पोरीला उगाच नटून बसवू नये."

"कंची कोरेगावची? मला कुणी इचारलंय?" तो खरोखरच दचकला. "न्हाई बघायची आये."

"मग मामाला मी सांगते. माझीच चूक हाय म्हणून सांगते." त्यांनी पदराने हात पुसले. मग जरा विचारात पडल्या. "पण रविवारची जीप सांगून ठिवलीय गं. गणगोताला बी सांगितलंय, दहाला निघायचं म्हणून. आता ती न्यायची कुठं?"

सत्यजीत जमिनीकडे बघत होता. रोपांच्या पानांवरून पाणी निथळत होतं, थेंब थेंब. प्रांजलने वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आठ महिने ती लोकांना पत्ते शोधून देत होती. आपला पत्ता सांगायला एवढा वेळ लागतो, हे तिला माहीत नव्हतं.

"निमोण्याला," ती म्हणाली. "पण दहाला नको, काकू. घरी आधी मला सांगावं लागेल… दुपारी या."