एसेनची रेघ

डोंगराच्या कुशीतल्या खाणवस्तीत तोकोन नावाचा खाणकरी, त्याची बायको उमसुनाय आणि धाकटा भाऊ एसेन असे तिघं राहात होते.

दर वसंतात खाणीच्या दवाखान्यात खाणकऱ्यांच्या छातीतला दम मोजायचे. पाण्यात पालथं घातलेलं पत्र्याचं डबडं. नळीत फुंकलं की ते वर चढायचं आणि शेजारचा टाक कागदावर रेघ ओढायचा. रेघ तीन लिटरच्या खाली राहिली की काम सुटलं आणि खाणीचं घरही सुटलं. तोकोनच्या छातीत दगडाची धूळ बसलेली. दहा पायऱ्या चढला की भिंत धरायचा. एसेन मात्र मेंढरांमागे डोंगर पालथे घालणारा. तोंडावळा दोघांचा एकच. तोकोनने त्याला आपली टोपी दिली, नावाचा कागद दिला आणि आपल्या जागी पाठवला.

एसेनने पाच लिटर फुंकलं. मध्येच त्याला हसू आलं, तर रेघेला करवतीसारखे दोन दात आले.

"हसतोस काय, माकडा," दवाखान्यातली सायरा आपा म्हणाली.

आता एवढी छाती म्हटल्यावर खाणीने तोकोनला धुरात शिरून माणसं काढणाऱ्या टोळीत घातलं. असं होईल हे दोघा भावांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पानगळीत, भर दुपारी खाणीत आग लागल्याचा भोंगा झाला. तोकोन खाटेच्या कडेला बसून राहिला.

"टोपी दे, दादा," एसेन म्हणाला. "तुझ्या नावावर श्वास माझाच लिहिलाय ना?"

तोकोनने दिली. एसेनने तिघांना बाहेर काढलं, चौथ्यासाठी आत गेला तो गेलाच. तुझ्या जागी तो कसा गेला, असं लोक विचारायला आले तेव्हा तोकोन म्हणाला, "मी निघतच होतो. पोरगं ऐकेना." उमसुनाय चुलीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही.

पुन्हा वसंत आला. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच तोकोन दवाखान्यात गेला.

"आपा, मागच्या खेपेला..."

"आधी फुंक, मग बोल. बाहेर रांग बघ केवढी."

त्याने नळी तोंडात धरली. श्वास घ्यायला गेला, तर खोकलाच छातीत अडकला. अजून त्याने फुंकलं नव्हतं. आणि डबडं हललं... सावकाश वर चढायला लागलं. नळी ओठांना गार लागत होती, तिला मेंढरांचा वास येत होता. डबडं पाचावर जाऊन थांबलं. रेघेला मध्येच दोन दात.

"यंदाही हसलास," आपा म्हणाली. "हं, काय सांगत होतास?"

तोकोनने मान खाली घातली. "काही नाही."

त्या रेघेवर त्याला टोळीला शिकवणारा गुरुजी नेमलं. काम जमिनीवरचं, शिवाय नदीपलीकडे उन्हातलं घर. तिथल्या पहिल्याच गुरुवारी उमसुनायने, रीतीप्रमाणे, मेलेल्या एसेनला वास पोचावा म्हणून कढईत कणकेचे बोरसोक तळायला घेतले.

"आज तरी त्याच्याशी खरं बोल," ती हळूच म्हणाली.

तोकोनने तोंड उघडलं. कढईवरची वाफ वाकली, बारीक धार होऊन त्याच्या ओठांत शिरू लागली... लांबलचक. मध्येच अडखळली, दोनदा. कितीतरी वर्षांत छाती अशी मोकळी झाली नव्हती, जराही दुखेना. पण श्वास नुसता आत येत होता, बाहेर सुटेना, आणि शब्द फुटेना.

त्याने तोंड गच्च मिटून घेतलं. तरीही छाती भरतच राहिली.