दीड वाव पाणी

नकाशात त्या सामुद्रधुनीच्या मध्यावर वीस वाव, म्हणजे एकशेवीस फूट पाणी दाखवलं होतं, आणि दादा होडीसकट तिथेच बुडाला होता. शांत हवेत, जवळपास खडक नसताना, वीस वाव पाण्यात होडी बुडते कशी? आमच्या कचेरीने निकाल देऊन टाकला: चालवणाऱ्याची चूक. मी त्याच कचेरीत समुद्राचे नकाशे काढते. मी ठरवलं, ते पाणी स्वतः मोजायचं.

तांडेलकाकांनी आपली लाँच काढली. दादा त्यांच्याच हाताखाली सुकाणू धरायला शिकला होता. वहिनी न विचारता येऊन बसली. "मला घरी बसवू नकोस," एवढंच म्हणाली.

पहाटेच्या भरतीवर आम्ही खाडीच्या तोंडाशी आडवा पडलेला वाळूचा दांडा ओलांडला. भूशिराला वळसा घातला आणि लाटांनी लाँच सुपातल्या दाण्यांसारखी पाखडली. "समुद्र आणि सासरा, दोघांचाही थांग लागत नाही!" काका म्हणाले. कोणी हसलं नाही, तेही नाही.

दुपारी सामुद्रधुनी आली. दोन्हीकडे काळे कडे, मधून हिरवं, गुळगुळीत पाणी. ओहोटी संपून भरती लागेपर्यंत तिथला प्रवाह जेमतेम वीस मिनिटं थांबतो. तेवढ्यात मोजणी उरकायची होती. मी शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडत गेले. अठरा वाव. एकोणीस. पुन्हा अठरा. नकाशा खरा ठरत होता आणि दादा खोटा!

एकाएकी दोरी हातात सैल पडली.

"दीड वाव!" मी ओरडले. जेमतेम दीड माणूस बुडेल एवढं पाणी! तळातून सुळक्यासारखा एक खडक वर आला होता. वहिनी काठावरून वाकली आणि तशीच राहिली. खडकाच्या उतारावर दादाची निळी होडी कुशीवर पडली होती.

मी चपला काढल्या. "काका, मी खाली जाते."

"वेड लागलंय? पाणी फिरलं बघ!"

भरती लागली होती. खडकाभोवती भोवरा फिरू लागला. दादाची होडी यातच सापडली होती. लाँच गरकन वळली. लाँचला बांधलेली दोरी ताठ झाली. शिसं खाली होडीत अडकलं होतं! लाँच कलली. पाणी आत आलं.

"काप ती दोरी!"

मला कापवेना. "तो खाली आहे, काका!"

वहिनीने माझ्या कमरेची सुरी ओढली. एक घाव. दोरी तुटली! लाँच उसळली, भोवऱ्यातून बाहेर पडली. वहिनीच्या हातात सुरी तशीच राहिली. तिने विचारलं, "जागा नीट टिपलीस ना?"

"दोन्ही कड्यांचे कोन मोजून टिपलीय."

"मग झालं."

नव्या नकाशात खडक आला. दादावरचा ठपका कचेरीतल्या साहेबांनी पुसला आणि खडकाला त्याचं नाव द्यायचं सुचवलं. वहिनी म्हणाली, "ज्यानं त्याला गिळलं, त्याला त्याचं नाव कशाला? पाणी किती ते लिहा, बास."

मी लिहिलं: दीड वाव.

त्याच आठवड्यात एके दिवशी नवा नकाशा घेऊन सात होड्या सामुद्रधुनीतून गेल्या. संध्याकाळी वहिनी धक्क्यावर उभी राहून त्या मोजत होती. सातही सुखरूप आल्या. माणसं उतरली, दोर बांधले, सगळे घरी गेले.

सातवी लागली तरी वहिनी तिथून हलली नाही. मीही तिला हाक मारली नाही.