लाउरेन्सरावांची काडतुसं

लेकीच्या लग्नाच्या जेवणात डोंगरावरचे करडे तित्तिर नसतील, तर आमच्या खोऱ्यात नवरीच्या आईला तोंड दाखवायला जागा राहत नाही. तिपायी भांड्यातला रस्सा, आणि त्यातला पहिला तुकडा नवऱ्याच्या आईच्या ताटात! माझ्या आंकेचं लग्न उद्यावर आलं होतं. म्हणून आम्ही पहाटेच स्टॉर्मबर्ग डोंगराच्या माथ्याकडे निघालो. मी, शेजारच्या शेतावरचा लुंगिसा, त्याची शिकारी कुत्री वोल्की, आणि गळ्यात पडलेलं एक लोढणं: माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, लाउरेन्सराव.

"ताई, त्यांना ने गं बरोबर," बहीण म्हणाली होती. "आणि बोटं सांभाळ त्यांची. उद्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचाय."

ऑर्गन वाजवतो म्हणे! मग वाजवावा की घरी बसून. स्वारीनं नवी कोरी बारा बोअरची दुनळी आणली होती. कमरेला पांढऱ्याशुभ्र काडतुसांचा पट्टा, आणि डोळ्यांवर पिवळ्या काचांचा महागडा चष्मा. धुक्यात पक्षी उठून दिसतात म्हणे त्यातून. मी पट्ट्यातलं एक काडतूस उपसून वाचलं आणि मला हसूच फुटलं.

"तीन नंबर? आणि छर्रे बत्तीस ग्रॅमच्या वर? लाउरेन्सराव, तित्तिर मारायचेत की रानडुक्कर?"

"ताई, छर्रे जाड, म्हणजे मार जबर."

"मार जबर, आणि रश्शात घालायला काय? पिसं?"

लुंगिसा खो खो हसला. "असू दे गं हेस्टर. पाहुणे आहेत."

तित्तिराला सात नंबर, ही साधी गोष्ट. छर्रे बारीक, पण भरपूर; पक्षी जाळ्यात सापडल्यासारखा सापडतो आणि मांस शाबूत राहतं. सशाला पाच नंबर, कारण सशाची कातडी जाड, आणि हाडं पक्ष्यांसारखी पोकळ नसतात. एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. चढणभर मी हेच ऐकवत होते, आणि लाउरेन्सराव धापा टाकत मागून येत होते.

पहिल्याच कड्यापाशी खडकाआडून ससा उठला. धडाम्! ससा जेमतेम वीस पावलांवर होता. आम्ही जाऊन पाहिलं तर दोन कान आणि एक शेपूट.

"वा!" मी म्हणाले. "कानांचा रस्सा करू या का?"

लाउरेन्सरावांनी लगेच दुसरं काडतूस भरलं. खांदा मात्र चोळत होते. त्या जड काडतुसांचा दणका त्यांना सोसवत नव्हता. पुढच्या दोन बारांना तर चाप ओढायच्या आधीच डोळे मिटून घेतले. दोन्ही तित्तिर हसत हसत दरीपार!

दुपारी वारा फिरला. ओढ्यावरचं बर्फ पायाखाली कडाकडा वाजायला लागलं, आणि घळीतून वर चढताना माझा पाय निसटला. लुंगिसानं पट्टा धरून ओढलं म्हणून वाचले. माथ्यावर आलो तोवर धुकं गुडघ्याशी आलं होतं आणि बर्फाची भुरभुर सुरू झाली होती. हातात एकही पक्षी नव्हता. एका शिळेच्या आडोशाला कॉफी प्यायला बसलो.

"ताई," लाउरेन्सराव हळूच म्हणाले, "तुमची हलकी काडतुसं चार-दोन..."

"का हो? मार जबर हवा होता ना?" मी हसले आणि काडतुसांची पिशवी शिळेपाशीच ठेवून शेळ्यांच्या पायवाटेवर माग काढायला उठून गेले.

परत आले तोवर वोल्की थिजून उभी होती. नाक पुढे, शेपूट ताठ, एक पाय उचललेला. थवा समोरच्या गवतात! लाउरेन्सराव जवळ होते. एक पक्षी भर्रकन उठला.

खट्! खट्!

बार नाहीच! त्यांनी बंदूक बिजागरीवर मोडून, म्हणजे उघडून, नळ्यांच्या मागच्या तोंडात नजर टाकली. "अरे, भरायलाच विसरलो की काय!" पुटपुटत पट्ट्यातली दोन पांढरी काडतुसं घातली आणि बंदूक मिटली. उरलेला थवा अजून दबून होता. वोल्की हलली नव्हती.

मी माझ्या पिशवीत हात घातला. झाकण उघडं होतं. आणि लाउरेन्सरावांच्या बुटापाशी, बर्फात, माझं एक पिवळं काडतूस पडलं होतं.

म्हणजे खट् वाजलं तेव्हा यांच्या नळ्यांत माझी काडतुसं होती! माझी बंदूक वीस बोअरची, आईची! बोअरचा आकडा मोठा, तेवढी नळी बारीक; म्हणून वीसचं काडतूस बारीक, आणि बाराच्यात मिसळू नये म्हणून मुद्दाम पिवळं केलेलं. बाराच्या घरात, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीत, ते टिकत नाही, पुढे सरकून नळीत अडकतं. घर रिकामं दिसतं. मागून बाराचं घालून बार काढला की नळी फुटते, आणि नळीखालचा हात जातो. सकाळपासून मी नंबर नंबर करत यांचं डोकं खाल्लं होतं, बोअरचं नावही काढलं नव्हतं. ते कुणाला ठाऊक नसतं?

"लाउरेन्स! चाप ओढू नका!"

"पुरे झालं ताई!" मागे न बघता ते ओरडले. "दिवसभर तुमचंच ऐकतोय! हा पक्षी माझा!"

बंदूक खांद्याला लागली. गवत हललं. ओरडून उपयोग नव्हता. माझ्या आवाजाला त्या माणसानं कान कधीच बंद केले होते. मी धावले. बर्फावरून घसरले, उठले आणि सरळ नळ्यांच्या समोर जाऊन उभी राहिले!

थवा उडाला. भर्र भर्र भर्र!

आणि लाउरेन्सरावांनी? त्याच क्षणी नळ्या आभाळाकडे केल्या, बोट चापावरून काढलं, बंदूक मोडली. एक शब्द न विचारता. माणूस समोर आला तर बंदूक मोडायची, एवढं तरी त्या माणसाच्या हाडात भिनलेलं होतं.

"ताई! वेड लागलं का तुम्हाला?" ते ओरडले.

मी बर्फातलं काडतूस त्यांच्या हातात दिलं. लुंगिसानं त्यांची दोन काडतुसं काढली आणि झुडपाची सरळ काठी तोडून नळीच्या पुढच्या तोंडातून आत घातली. टप्. एक पिवळं काडतूस मागून खाली पडलं. दुसऱ्या नळीतूनही, टप्.

"पण ही माझ्यासारखीच दिसत होती," लाउरेन्सराव म्हणाले.

लुंगिसानं त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला. "आता बघ, भाऊ. पिवळ्या काचेतून पांढरंही पिवळंच दिसतं."

त्यांनी पांढरं आणि पिवळं शेजारी शेजारी धरून पाहिलं. मग डाव्या हाताकडे पाहिलं, आणि बोटं उघडून मिटून पाहिली. शिव्यांची लाखोली माझ्या जिभेवर तयार होती, ती गिळून मी पिशवीचं झाकण लावलं.

"थवा पलीकडच्या उतारावर बसलाय," लुंगिसा म्हणाला. "जायचं?"

धुकं छातीला लागलं होतं. "नको," मी म्हणाले. "उद्या मेंढा कापू."

वोल्कीनं वाट काढली आणि आम्ही एकमेकांचे पट्टे धरून, रिकाम्या बंदुका मोडून, घळ उतरलो. दिवेलागणीला अंगणात आलो.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये विहीणबाई माझ्या कानाला लागल्या. "रश्शात तित्तिर नाहीत म्हणे?"

"आहेत की. डोंगरावर. मजेत."

त्यांनी नाक मुरडलं. मुरडू देत! माझा मेहुणा गाढव आहे, आणि त्याला काडतुसातलं ओ की ठो कळत नाही, हे मी आजही चारचौघांत सांगते. पण आंके आत आली, ऑर्गन घुमला, आणि मी नवरीकडे बघायचं सोडून त्या कळांवर पळणारी बोटं मोजत बसले. दहाच्या दहा होती.