बारा खाटा आणि पाण्याच्या वाट्या

मंगळावरच्या आमच्या वसाहतीत तापाची साथ आली, आणि ती नेमकी दवाखान्यातच जास्त पसरली. घरोघरी एखाददुसरा आजारी, पण दवाखान्यात हात मोडून आलेल्यालाही आठवड्याभरात ताप. माझा धाकटा भाऊ मल्हार महिन्याभरापासून तिथेच, पायाला प्लास्टर घालून पडलेला. त्याला अजून ताप नव्हता. मला मात्र भीतीनं जेवण जात नव्हतं.

माझे आजोबा कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणारे). ते म्हणाले, "उत्पला, आजाऱ्यांच्या रक्तात डेंगीचा विषाणू सापडलाय. म्हणजे कुठेतरी डास आहेत."

"मंगळावर डास कुठून येणार?"

"पृथ्वीवरून आलेल्या रोपांच्या कुंड्यांतून. या डासाची अंडी महिनोन् महिने कोरडी राहिली तरी मरत नाहीत. काहींत आईकडूनच विषाणू आलेला असतो. पाणी मिळालं की झालं."

आम्ही टाक्या पाहिल्या, शेततळं पाहिलं. सगळ्यांना घट्ट झाकणं. मग आजोबा कण्हतकुंथत मल्हारच्या खाटेखाली वाकले. खाटेच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या. पाण्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळत होतं.

"अळ्या (डासांची पिल्लं)," आजोबा म्हणाले. "डासाची मादी आजाऱ्याला चावते, विषाणू तिच्या पोटात वाढतो, आणि आठ-दहा दिवसांनी ती दुसऱ्याला चावली की त्याला मिळतो. इथे आजारी आणि डास एकाच खोलीत. कोणी ठेवल्या या?"

मीच ठेवल्या होत्या. मल्हारला मुंग्या चावायच्या, आणि आमच्या घरी दुधाच्या कपाटाखाली अशाच वाट्या असतात. मुंगीला पाणी ओलांडता येत नाही. दवाखान्यातल्या नर्स सिंधूताईंनी कौतुकानं बाराही खाटांना वाट्या लावल्या. रोज सकाळी मी इमानेइतबारे वरून पाणी घालायचे, जुनं कधी ओतलंच नाही.

मी रडत रडत सगळं सांगितलं.

"मुंग्यांचं तुला बरोबर कळलं होतं, डासांचं आज कळलं," आजोबा म्हणाले. "डोळे पूस आणि हात लाव."

आम्ही सगळ्या वाट्या ओतल्या, कडेला चिकटलेली अंडी निघावीत म्हणून खसाखसा घासल्या आणि उचलून ठेवल्या. हा डास दिवसा चावतो, म्हणून सिंधूताईंनी भरदिवसा मच्छरदाण्या लावल्या. पहिल्या आठवड्यात आणखी दोघांना ताप आला. पुढचे दोन आठवडे कोणालाही नाही. पुढच्या यानातून येणारी प्रत्येक कुंडी आता आजोबा आणि मी तपासणार आहोत.

घरी निघायच्या दिवशी मल्हार कुरकुरला, "ताई, मुंगी चावली गं."

मी त्याच्या कपाळाला हात लावला. गार होतं.

"चावू दे," मी म्हणाले. कितीतरी दिवसांनी मला सडकून भूक लागली होती.