मिन्याचं पाखरू

अकोटात माझं सोनाराचं दुकान. चाळीस वर्षं सोनं आटवतोय. मुशीत गेलेला जिन्नस पुन्हा दिसत नाही, एवढं मला कळतं. म्हणूनच सन छत्तीसच्या चैत्रातली गोष्ट आठवली की भीती कमी आणि संताप जास्त येतो.

खुशालराव भरदुपारी आला. काळ्या जमिनीचा मोठा मालक. त्याची बायको सुभद्रा मागच्याच महिन्यात विहिरीत पडून मेली होती. पाय घसरला, असं त्यानं सांगितलं. तिरडीवर तिचं तोंडही कुणाला पाहू दिलं नाही. गावानं माना डोलावल्या. मीही डोलावली, त्याची लाज वाटते.

त्यानं गादीवर पदराला लावायचा जुना ब्रोच फेकला. सोन्याचं पाखरू, पंखांवर हिरवा-निळा मिना. अमरावतीच्या इस्पितळातल्या मडमेनं विलायतेला परतताना सुभद्रेला दिलेलं.

"हे आटवा अन् सुभद्रेची मूर्ती उठवलेला टाक करून द्या. नव्या बायकोच्या गळ्यात बांधाचा हाये. म्हंजे मेलेली सवत तरास देत नाही."

नवी बायको म्हणजे आमच्या गल्लीतल्या चंद्रभान माळ्याची वच्छला. वय सोळा.

मिना खरवडला, सोनं मुशीत टाकलं, भाता मारला. त्याचं पाणी झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं. मूस निवली तेव्हा आत पाखरूच होतं, मिन्यासकट. फक्त मान वाकडी, आणि मानेवर दाबल्याच्या खुणा. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक.

हातोडीनं ठेचलं. पुन्हा आटवलं.

पुन्हा तेच.

ते घेऊन तडक चंद्रभानकडे गेलो. "लग्न मोड. सुभद्रा घसरली नाही, तिले मारलं. पोरीचा जीव जाईन!"

"भट्टी तुमची बिघडली अन् दोष माह्या जावयाले?" तो उखडला. "हळद लागली पोरीले. आता काय मोडता?"

तिथंच ओसरीवर बसलेल्या खुशालरावानं पाखरू माझ्या हातून हिसकावलं. खुणांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"टाक नाही होत तं राहू द्या. पाखरूच बांधतो."

बांधलं. मी पंगतीला गेलो नाही. तेवढीच माझी मर्दुमकी.

पाचव्या दिवशी वच्छला दुकानात आली. पाखरू माझ्या हातावर ठेवलं.

"काका, कडी तुटली." आवाज घोगरा होता. "पण याची मान पाहा, कशी सरळ झाली."

खरंच, एक खूण उरली नव्हती.

भर वैशाखात तिनं पदर गळ्याभोवती दोन वेढे देऊन गुंडाळला होता.