एकाच पाटीला तीन चकरा

तिसऱ्यांदा तोच माणूस! तीच निळी दुचाकी, तसाच फोन वर धरलेला, आणि नेम पुन्हा वृषालीच्या दुकानाच्या पाटीवर.

वृषालीने शिलाई मशीन थांबवलं. आळेफाट्याला तिने ब्लाउज शिवायचं दुकान टाकून आत्ता कुठे दोन वर्षं होत होती, आणि रस्ता रुंद होणार अशी आवई रोज उठत होती. उन्हाळ्यात असाच एकजण फोटो काढून गेला, आणि महिन्याभरात शेजारच्या चिमाबाईंच्या हॉटेलावर पाडापाडीची लाल खूण पडली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. वृषाली तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली होती.

भुरभुर पावसात ती तशीच बाहेर आली.

“ओ भाऊ! कोणत्या खात्याचे तुमी?”

“खात्याचा न्हाई ओ... ॲपचं काम करतो. दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढायचे, नकाशात टाकायचे. समर्थ नाव माझं, डिंभ्याकडचा.” पापण्यांपर्यंत भिजला होता, तरी हसत होता. तिला त्याचाच जास्त राग आला.

“मग एकाच पाटीला तीन चकरा?”

“ते... फोटो नापास व्हतो कधीकधी. उजेड कमी पडला की—”

“दाखवा फोन.”

त्याने चटकन हात मागे घेतला. म्हणजे आहेच काहीतरी!

“दाखवता, का चिमाबाईंना हाक मारू? त्या लाटणं घेऊनच येतात.”

त्याने मुकाट्याने फोन दिला. यादीत तिचं दुकान होतं, पुढे ‘मंजूर’ लिहिलेलं, तारीख सोमवारची. म्हणजे फोटो पहिल्याच दिवशी पास! कालचा फोटो नव्हताच. आजचाही नव्हता.

“खोटं बोललात.” तिने यादी त्याच्यासमोर धरली. “कुणी पाठवलंय? माझं दुकान पाडायला—”

“कुणी न्हाई!” त्याचं हसू पार मावळलं. “काम सोमवारीच झालं. काल अन् आज नुसताच फोन धरून उभा व्हतो... फोन न धरता तुमच्या दारात उभा राहिलो असतो, तर काय सांगितलं असतं? मला थोडंच ब्लाउज शिवायचंय!”

वृषालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. राग म्हणावा तर राग नव्हता. हा आपल्याला आवडला, हे तिला तिथल्या तिथे कळलं... आणि कळलं म्हणून ती आणखीच सावध झाली.

“आधार कार्ड दाखवा.”

“आता ते कशाला?”

“गाव खरं सांगितलं का बघते.” पत्ता तिने दोनदा वाचला. “लग्न झालंय का, ते ह्याच्यावर लिहीत न्हाईत.”

“न्हाई झालं.”

“डिंभ्याला माझी मावशी दिलीय. चौकशी करीन मी,” ती म्हणाली, आणि कार्ड परत न देताच आत वळली. “या आत. बाहेर उभे राहू नका... लोक संशय घेतात.”