हलक्या दिवसाचं पातेलं

"अगं, जरा हळू... आज हलका दिवस आहे."

धुक्यातून आवाज आला म्हणून मी वळून पाहिलं. माझ्या खांद्याशी एक उंच, हडकुळा मुलगा पळत होता. अंगात विटका हिरवा शर्ट, पापण्यांवर धुक्याचे थेंब, आणि चेहऱ्यावर असं निवांत हसू, जणू बाजार करून घरी निघालाय. इटेनच्या, धावपटूंच्या कॅम्पमधला माझा तो पहिलाच दिवस, आणि मी सगळ्यांना मागं टाकलं होतं.

"दम लागला असेल तर थांब की," मी म्हटलं. "मी नाही कुणाला सांगणार."

तो हसला आणि खरंच मागं राहिला. मक्याच्या शेतांमधली तांबडी वाट मग माझी एकटीची झाली. फाटकातून आत शिरताना मनात म्हटलं, आता कळेल यांना ही जेलागत कोण आहे ते.

कळलं ते मलाच. बाकीचे सगळे घोळक्यानं, गप्पा मारत, अगदी आरामात आले. सर्वांत पुढं सालिनाताई, आमची कप्तान. तिनं मला चहा दिला, आणि चहा संपल्यावर आदल्या रात्रीचं उगालीचं पातेलं माझ्यापुढं सरकवलं. मक्याच्या पिठाची ती खरवड तळाला अशी घट्ट बसते की नखं दुखतात. कॅम्पचा नियमच होता. हलक्या दिवशी, म्हणजे सगळ्यांनी सावकाश पळायच्या दिवशी, जो सगळ्यांच्या आधी परततो, त्यानं ते पातेलं घासायचं, तेही एकट्यानं.

"हलक्या दिवशी पुढं पळणारा एक तर बढाईखोर असतो, नाही तर घाबरलेला," ताई म्हणाली. "तू कोण, ते घासता घासता ठरव."

मी बढाईखोर ठरवलं. कारण दुसरं खरं होतं, आणि ते मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मागच्या वर्षी देशाच्या संघाच्या निवडीला मी शर्यतभर दुसऱ्यांच्या पाठी धरून पळाले. पुढं जायची छातीच झाली नाही, आणि संघ हुकला. यंदाही हुकला तर मावशीच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं.

"राख घे. नुसत्या पाण्यानं नाही निघायचं ते."

तोच मुलगा पाण्याच्या पिंपावर पाय सोडून बसला होता. नाव किबोर. मदत करायला बंदी होती, शिकवायला नव्हती.

"तू कितीदा घासलंयस हे?" मी विचारलं.

"एकदाही नाही."

"मग शिकवतोस कशाला?"

"बघायला बरं वाटतंय," तो म्हणाला.

मी राखेचं पाणी त्याच्या पायांवर उडवलं. त्यानं पाय काही मागं घेतले नाहीत.

कोचनी नेमका त्यालाच माझा पेसमेकर केला. सरावात मुलींच्या पुढं असा एक मुलगा पळतो. वेग त्यानं सांभाळायचा, वारा त्यानं अंगावर घ्यायचा, आणि शर्यतीच्या दिवशी कुंपणाबाहेर उभं राहायचं. किबोरच्या हिरव्या शर्टाला उजव्या खांद्यावर एक भोक होतं. त्या भोकाकडं बघत मी किती डोंगर चढले, ते माझं मलाच ठाऊक. सकाळी खालची केरियो दरी ढगांनी काठोकाठ भरलेली असायची, वर कोवळं ऊन, आणि मध्ये आमच्या दोघांच्या पावलांचा आवाज... त्या वाटा संपूच नयेत असं वाटायचं.

तो सहज बोलायचा. मी श्वासामागून एकेक शब्द फेकायची.

"काल... चहात साखर... तू घातलीस?"

"का?"

"खारट... होता."

"मग सगळा प्यालीस कशाला?"

उत्तर होतं माझ्याकडं. दम नव्हता.

निवड जवळ आली आणि एका सकाळी किबोर माझ्या मागं जाऊन उभा राहिला. म्हणाला, आजपासून तू पुढं. मला वाटलं थट्टा करतोय. पण तो हसत नव्हता. तुला माझ्या पाठीची सवय लागलीय, शर्यतीत ती नसणार, असं काहीसं तो समजावत राहिला. माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असतो. मी फटकन म्हटलं, दुसरी कुणी मिळाली असेल तर तसं सांग. त्या दिवशी मी दर वळणावर मान वळवून बघत होते, पाय अडखळत होते.

"मागं बघू नकोस," तो हळूच म्हणाला. "मी आहे."

निवडीच्या दिवसापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. त्यानं आणलेला चहा तसाच निवू द्यायची, आणि मग एकटीच चुटपुटत बसायची.

निवडीच्या शर्यतीत, एल्डोरेटच्या मैदानावर, आम्ही कॅम्पच्या मुली एकत्र पळालो. पुढं सालिनाताई, तिच्या आडोशाला मी. शेवटच्या फेरीत पहिल्या घोळक्यातल्या मुली सुटल्या, आणि ताईचा श्वास फाटू लागला.

"जा," ती म्हणाली.

"तुला टाकून?"

"आज हलका दिवस नाही. जा, पोरी."

मी बाहेर पडले. समोर जवळ कुणाची पाठ नव्हती, शर्ट नव्हता, भोक नव्हतं. सगळा वारा माझ्या छातीवर आला. वाटलं परत आडोशाला जावं. इतक्यात मागं पावलं ऐकू आली... एकसारखी, माझ्या पावलांत पाऊल मिळवणारी. किबोर कुंपणाबाहेर आहे हे मला माहीत होतं. तरी मी मनाला सांगितलं, हा तोच. मागं बघायचं नाही. मी एकीला गाठलं, मग आणखी एकीला, आणि रेषा ओलांडल्यावरच वळले.

मागं सालिनाताई होती. कमरेवर हात ठेवून, धापा टाकत हसत होती.

"तू वारा अडवायला लागलीस," ती म्हणाली, "मग मी कशाला थांबू?"

संघात दोघींची नावं आली.

कॅम्पच्या फाटकात आम्हाला वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातलं मुरसिक पाजलं, जिंकून येणाऱ्याला पाजतात तसं. ते आंबट दूध घटाघटा प्याले तेव्हा समोर किबोर उभा होता. त्यानं स्वतःच्या ओठावरून बोट फिरवलं. मी माझी पांढरी मिशी पुसली. एवढंच. गर्दी फार होती, आणि परवा मला संघाच्या सरावाला नैरोबीला जायचं होतं. तो काही बोलेल म्हणून मी जेवताना, पाण्याच्या पिंपाशी, उगीच रेंगाळले.

दुसऱ्या सकाळी हलका दिवस होता. धुकं, गप्पा, घोळका. आणि अचानक हिरवा शर्ट आमच्यातून सुटून पुढं गेला. हलक्या दिवशी जो कधीच पुढं जात नसे, तो किबोर वाऱ्यासारखा निघाला. कुणी म्हणालं, पोट बिघडलं असेल.

सालिनाताईनं माझ्याकडं तिरकं पाहिलं. "काय गं, हा बढाई मारतोय की घाबरलाय?"

मी उत्तर द्यायला थांबले नाही. मागून शिट्ट्या ऐकू येत राहिल्या.

नळाशी तो बाह्या सारून पातेलं खरवडत होता. मी समोर जाऊन बसले.

"एकट्यानं घासायचा नियम आहे," तो मान खाली घालून म्हणाला.

"मग बसते नुसती. बघायला बरं वाटतंय."

त्याचा हात थांबला. "घाबरलोय मी," तो म्हणाला. "तू जाणार. तिकडं दुसरा कुणी पुढं पळेल... मला तू आवडतेस, जेलागत. फार आवडतेस. पळताना सांगणार होतो, पण तेव्हा तुला दम लागलेला असतो. उत्तर देता येत नाही."

आता मला दम लागलेला नव्हता.

"तो खारट चहा मी उगीच नव्हते प्याले," मी म्हटलं, आणि मूठभर राख घेऊन हात पातेल्यात घातला. राखेत त्याची बोटं सापडली.

फाटकाशी सगळ्यांची पावलं वाजली. आम्ही दोघांनीही हात काढले नाहीत. सालिनाताईनं आत डोकावून पाहिलं, आणि तिथूनच घोळका मागं वळवला. म्हणाली, हलका दिवस आहे, चला, आणखी एक फेरी मारू... आणि हळू, अगदी हळू.